कव्हरातली तार

किस्से गोळा करण्याची मला हौस नाही. पण पासपोर्टच्या केंद्रावर पडताळणीचे काम करणाऱ्याकडे ते रांगेतूनच येतात, आणि चिपचा पासपोर्ट आल्यापासून तर रांग थांबतच नाही.

आधी तांत्रिक बाब. चिप मागच्या कव्हरात असते. तिच्याभोवती केसासारख्या बारीक तारेची वेटोळी असतात. तार तुटली की चिप मुकी होते आणि माणूस विमानतळावर अडकू शकतो. एवढे मी प्रत्येकाला सांगते. ऐकतात किती, ते पुढे पाहा.

*

देगलूरचे एक व्यापारी पासपोर्ट चांदीच्या कागदात गुंडाळून आले. पोळ्या गुंडाळतात, तोच कागद.

"हवेतून माहिती चोरतात म्हणे, मॅडम."

मशीन चालवणारे आमचे शिंदे शांतपणे म्हणाले, "काका, मशीनलाबी हवेतूनच वाचावं लागतंय. आता कागद सोडता का?"

काकांनी आधी पंखा बंद करायला लावला, मग कागद सोडला.

*

मुरुडचा एक मुलगा लातूरला क्लाससाठी राहत होता. परदेशातल्या मेडिकल कॉलेजात त्याची जागा पक्की झाली होती. होस्टेलवर सगळ्यांची मूळ कागदपत्रे जमा करून, पंच मारून, फायलीला लावण्याची शिस्त आहे. पासपोर्टलाही ती लागली. भोक थेट वेटोळ्यांतून गेले.

रेक्टर स्वतः आले. "एकच पाडलंय, मॅडम. एरवी दोन पाडतो."

नवा पासपोर्ट मिळेपर्यंत मुलाची जागा गेली.

*

म्हणूनच किल्लारीची ती मुलगी जॅकेट छातीशी धरून आली, तेव्हा मी खुर्चीवरून उठले. तिलाही मेडिकलला जायचे होते, विमान दुसऱ्या दिवशी होते. सोबत वडील होते, शिंपी. पासपोर्ट हरवू नये म्हणून त्यांनी तो अस्तराला शिवून टाकला होता, मागच्या कव्हराच्या कडेने मशीनची टीप मारून.

"अण्णा, तिथं जॅकेट काढायला लावतात," मुलगी रडकुंडीला आली होती.

"मग जॅकेटासकट दाखव की."

मी विचारले, "शिवलात कशासाठी?"

"भूकंपात समदं गेलं, मॅडम. मदतीच्या रांगेत सायब म्हनला, तू कोन हैस ते सांगनारा आन. कुनाला आनू? वळखनारे समदे मातीखाली."

शिंदेंनी ब्लेड पुढे केले. अण्णांनी ते घेतले, पण जॅकेट कुणाच्या हाती दिले नाही. एकेक टाका त्यांनीच उसवला. पाने शाबूत होती, कव्हराच्या कडेला सुईच्या भोकांची ओळ होती. ती तारेच्या बाहेरून गेली की वरून, हे डोळ्यांना कळण्यासारखे नव्हते.

पासपोर्ट मशीनवर ठेवला. पडदा कोरा.

शिंदेंनी काच पुसली. पुन्हा कोरा.

"होस्टेलच्या पोराचंबी असंच झालतं," शिंदे पुटपुटले. मी त्यांच्याकडे पाहिले.

मी कव्हर तळहाताने सपाट दाबले, किंचित सरकवले आणि हात तसाच ठेवला. मुलीने डोळे मिटून घेतले होते. पडद्यावर आधी नाव आले, मग हळूहळू तिचा चेहरा.

मुलीने डोळे उघडले आणि स्वतःचे नाव मोठ्याने वाचले.

अण्णा पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून शिंप्याचा खडू काढून माझ्यापुढे ठेवला.

"तार कुठनं कुठनं जाती, तेवढं आखून द्या, मॅडम. ती सोडून शिवतो."