काळ्या पिशवीतली ट्यूब

"समजी गयो, ताई. पुढे नका बोलू."

बाई फक्त "काका, मला जरा खाली..." एवढंच म्हणाली होती. तोवर मेडिकलवाल्या गुजराती काकांनी नजर वळवली, फळीवरची ट्यूब काढली, काळ्या पिशवीत टाकली आणि गाठ मारून पुढे सरकवली.

कतारगाममध्ये, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. बायकांना काका फार सभ्य वाटत. 'भगिनींची सेवा' केली म्हणून गणपती मंडळाने त्यांना शालही दिली होती; तो फोटो गल्ल्याच्या वर. असे सभ्य पुरुष तुम्हीही पाहिले असतील. बाईचं दुखणं ऐकून घेण्याची त्यांना लाज वाटते, म्हणून ते त्यांना आधीच कळलेलं असतं. गजकर्णवाल्या पुरुषांशी मात्र काका बाही वर करून गप्पा मारत आणि शेवटी त्यांनाही तीच ट्यूब देत. माझ्यासारख्या लाजाळू मुलीला तर ते देवमाणूसच वाटायला हवे होते.

माझी वहिनी धुळ्याकडची. दिवसभर मशीनवर साड्यांना लेस लावते. तिला खाज सुटायची, फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जायचं. काकांची ती ट्यूब लावली की थोडे दिवस बरं, मग दुप्पट आग. काकांचा सल्ला एकच: "स्वच्छता राखा." म्हणून ती आतूनही साबण लावू लागली. दादापासून लांब झोपू लागली. एकदा मला म्हणाली, "मी घाणेरडी शे का, ताई?"

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, हा बुरशीचा संसर्ग; घाणीचा प्रश्नच नाही, साबणाने उलट बिघडतं. ट्यूबमधल्या स्टेरॉइडने खाज दबत होती आणि बुरशी वाढत होती. योनीत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या, बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. सुती कपडे घालायचे, अंग ओलं ठेवायचं नाही. पुन्हा पुन्हा होतंय म्हणून रक्तातली साखरही तपासायची.

आम्ही थेट दुकानात गेलो. गर्दी होती. मी चिठ्ठी पुढे केली. काकांनी ती न उघडताच, वहिनीचा उतरलेला चेहरा पाहून, काळी पिशवी ओढली. माणसं वहिनीकडे बघू लागली. बिचारीने पिशवीसाठी हातसुद्धा पुढे केला. मी तिला मागे सारलं.

"माझ्या योनीत बुरशीचा संसर्ग झालाय, काका," मी म्हणाले. "चिठ्ठी वाचा."