पंखा बंद करून भरलेली काडतुसं

लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले तेव्हा राज्यही नवं होतं आणि मीही. गावात जिकडेतिकडे खोदकाम चाललेलं, आज इथे असलेलं ऑफिस उद्या दुसऱ्याच रस्त्यावर. आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात मात्र शनिवारी सकाळी कुणी मोठ्यानं बोलत नसे, कारण तेव्हा सासरे काडतुसं भरायला बसत.

ते पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झाले होते आणि पिस्तुलाच्या नेमबाजी स्पर्धांत भाग घेत. विकतची बत्तीस बोरची काडतुसं त्यांच्या मनास येत नसत. "हरेक गोळीचा मिजाज वेगळा," म्हणायचे. म्हणून रीतसर परवानगी काढून, तिचे कागद फ्रेम करून भिंतीवर टांगून, झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी, म्हणजे केसेस, ते घरीच पुन्हा भरत.

मी कॉलेजच्या रसायनशाळेत दोन वर्षं काम केलेलं. एकदा त्यांनी विचारलं, "बेटा, वजनाचा बारीक काटा वाचता येते का तुले?"

"येते ना, बाबा."

"मग बस. पण बोलायचं नाही."

मे महिना होता. वाऱ्यानं काट्याची सुई हलते म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडकीही लावलेली. घामाचा थेंब बारुदीत पडू नये म्हणून दोघांच्याही कपाळाला रुमाल. दाराआडून सासूबाई विचारत, "सुनेले उकडून राहिलं का?"

कामाची रीत सोपी होती, चिकाटी मात्र लागायची. काडतुसं भरायच्या पुस्तकात दिलेल्या बारुदीच्या सगळ्यात कमी वजनापासून सुरुवात. त्या वजनाची पाच काडतुसं रेंजवर झाडायची, रिकाम्या केसेस भिंगाखाली बघायच्या, सगळं ठीक असेल तरच किंचित वाढवून पुढची पाच. पुस्तकातल्या वरच्या आकड्याच्या आसपासही ते फिरकत नसत. म्हणायचे, "आपल्याले कागदाले भोक पाडायचं आहे, भिंत नाही पाडायची."

चार-पाच आठवड्यांत त्यांना हवं तसं काडतूस जमलं. हाताला झटका कमी आणि पाचही भोकं जवळजवळ. पुढच्याच रविवारी स्पर्धा होती. आदल्या सकाळी आम्ही चाळीस भरली, वीस त्यांनी आणि वीस मी, दोन वेगळ्या डब्यांत. माझं काम अर्ध्यावर असताना सासूबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "माठातलं पाणी आणू का?"

"हव, आई," मी म्हटलं. पुन्हा खाली पाहिलं तर हातातल्या केसमध्ये बारूद घातली की घालायची आहे, तेच आठवेना. आत डोकावून बघायचं सोडून मी घातलीच असेल असं धरलं, वर गोळी बसवली आणि पुढे गेले.

रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून रेंजवर निघाले. बुढापाऱ्यात तलावाजवळ मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "बाबा, थांबा. माझ्या एका काडतुसाची खात्री नाही."

त्यांनी स्कूटर कडेला घेतली. "कोणतं?"

"तेच तर समजून नाही राहिलं."

मी रागाची वाट पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "आत बारूद नसली तर जोर कमी पडून गोळी नळीत अडकते. मागून दुसरी सुटली तर पिस्तूल हातात फुटते." आणि स्कूटर घराकडे वळवली. स्पर्धा राहिली.

घरी हातोडीसारखं एक अवजार होतं. त्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी सुटून येई. माझी वीसच्या वीस उघडली. सगळ्यांत बारूद होती आणि वजन बरोबर होतं. मला हायसं वाटलं, मग लाज वाटली. "माझ्यामुळे उगाच चुकली तुमची स्पर्धा."

त्यांनी स्वतःचा डबा पुढे ओढला आणि एकेक उघडायला लागले. चौदावं उघडलं तेव्हा ताटलीत नुसती गोळी पडली. केस उपडी करून त्यांनी दोनदा ठोकली. आतून काहीच आलं नाही.

ती केस त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "मले वाटे, डोळे फक्त पेपर वाचण्यापुरते गेले."

"दाखवून घेऊ, बाबा."

"हव. उद्याच जाऊ."

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, बराच वाढलेला. ऑपरेशन झालं, पावसाळाभर पिस्तूल कपाटात राहिलं. दसऱ्यानंतर पुन्हा बसलो तेव्हा त्यांनी नवा नियम काढला. गोळी बसवण्याआधी भरलेल्या केसेस लाकडी खाचांत उभ्या करायच्या, आणि आधी मी, मग त्यांनी, टॉर्च मारून प्रत्येकीत बघायचं. दोघांनी "ठीक" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझ्या चुकीबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही त्यांच्या नाही.

थंडीतल्या स्पर्धेत ते वयस्कर गटात तिसरे आले. गटात एकूण चौघे होते, ही माहिती सासूबाईंनी गल्लीत घरोघरी पोचवली.