उमाळकर बाईंचे चार कॉम्प्युटर

प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे वळत होती, तेव्हा संदीपचा फोन आला. संदीप म्हणजे उमाळकर बाईंचा मुलगा. त्याला मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीतच. "विलास भैया, आई नहीं रही," तो म्हणाला. "सुबह चाय माँगी थी... मैं बनाके लाया, तब तक..." मी फोन खिशात ठेवला. मी वर्गात गेलो, हजेरी घेतली. एका मुलीचं नाव मी दोनदा पुकारलं. ती म्हणाली, "सर, हव तो बोल दे रहेंव!" हव म्हणजे हो. सगळा वर्ग हसला. मग मी वर्ग शेजारच्या मॅडमकडे सोपवला आणि बुढापाऱ्याला, बाईंच्या घरी निघालो.

त्याला आता सहा आठवडे होत आले. इतके दिवस लिहायला बसत होतो आणि उठत होतो. बाईंबद्दल चांगलं लिहायला कितीतरी आहे, पण माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते लिहिता येत नाही, हे खरं कारण.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगढची राजधानी झालं होतं. शंकर नगरात रोज नव्या कार्यालयाची पाटी लागायची. त्याच सुमारास मी बीरगावच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षाकर्मी म्हणून लागलो. शिक्षाकर्मी म्हणजे कंत्राटावरचा मास्तर, कायम व्हायचं तर वरच्यांचा शेरा चांगला हवा. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, गोंदियाकडच्या एका लहान स्टेशनावर. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पहिल्या दिवशी मी स्टाफरूमच्या दारात उभा राहून जपून जपून हिंदी बोलत होतो. खुर्चीत बसलेल्या एक बाई, म्हणजे उमाळकर बाई, माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "गोंदियाकडचा ना रे तू? मंग मराठीत बोल ना. इतका घाबरून काहून राहिला? इथं कोणी खात नाही. हेडमास्तर खातात, पण ते फक्त समोसे." हेडमास्तर तिथेच बसले होते. तेही हसले. बाईंचं घराणं मराठ्यांच्या राजवटीपासून बुढापाऱ्यात राहिलेलं, पण त्यांनी आपणहून बीरगावची शाळा मागून घेतली होती. तिथली मुलं शेजारच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांत राबणाऱ्यांची. पुष्कळशी गावाकडून नुकतीच आलेली, छत्तीसगढीशिवाय काही न बोलणारी.

दुसऱ्या वर्षी शाळेला चार कॉम्प्युटर मिळाले. हेडमास्तरांनी नारळ फोडला, हार घातले, प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि ते ठेवलेल्या खोलीला कुलूप लावलं. आम्ही वर्गात फळ्यावर माऊसचं चित्र काढून शिकवायचो. तीन आठवडे हे पाहून बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बिगड़ गया तो जवाब कौन देगा, मैडम?" हेडमास्तरांनी विचारलं. "मैं दूँगी. लिखके देती हूँ," म्हणत बाईंनी तिथल्या तिथे कागद लिहून दिला आणि किल्ली घेतली. हेडमास्तरांनी एक मात्र बजावलं. महिन्याभरात अधिकारी पाहायला येणार आहेत. मुलांचं काम दिसलं तर कॉम्प्युटर राहतील, नाही तर दुसऱ्या शाळेत जातील.

बाईंनी एकेका कॉम्प्युटरसमोर तीन मुलं बसवली. नियम एकच. ज्याच्या हातात माऊस, त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. बाकी दोघांनी आपसात ठरवून सांगायचं आणि तिसऱ्याने तेवढंच करायचं. मग माऊस पुढच्याकडे. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. एक म्हणे लाल, दुसरा म्हणे निळा, आणि माऊसवाला वैतागून म्हणे, "जल्दी बताओ न यार!" मी त्या वेळी बाईंना म्हणालो, "बाई, हुशार मुलाला माऊस द्या ना. अर्ध्या तासात काम होते." त्या म्हणाल्या, "काम तर होते रे. पण मंग बाकीचे दोघं काय करतीन? टीव्ही पाहतीन?"

काम होतं आपल्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं चित्र आणि त्याखाली दोन ओळी. दिनेश, शबाना आणि फुलेश्वरी या तिघांनी हातपंप निवडला होता. तिकडे त्याला सगळे बोरिंग म्हणतात. दिनेश चलाख, शबाना हट्टी, आणि फुलेश्वरी वर्गात आल्यापासून एक शब्द न बोललेली. तिची पाळी आली की ती माऊस धरून बसायची. सांगायची वेळ आली की मान खाली. त्यामुळे त्यांचं काम पुढे सरकतच नव्हतं. अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या पडद्यावर एक हातपंप आणि पाय नसलेली एक बाई, एवढंच होतं. इतर तीन गटांकडेही सगळं अर्धवटच.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर किल्ली माझ्याकडे होती. मी खोली उघडली आणि चारही चित्रं पूर्ण केली. हातपंपासमोर मी आठ बायकांची सुंदर रांग काढली, प्रत्येकीच्या डोक्यावर घडा. खाली शुद्ध हिंदीत दोन ओळी लिहिल्या. मला तेव्हा त्यात काही वाईट वाटलं नाही. मी ज्या शाळेत शिकलो, तिथे साहेब आले की आम्हा मागच्या बाकावरच्यांना पटांगणात पाठवत. निदान मी कोणाला बाहेर काढत नव्हतो, असं मी मनाशी म्हणालो. माझ्या शेऱ्याचा विचारही मनात होताच. तो नव्हता असं आज लिहिलं तर खोटं होईल.

सकाळी बाईंनी पडदे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं. मुलं आली, आपापल्या जागी बसली. दिनेश ओरडलाच, "अरे वा! पूरा हो गया!" आणि मग फुलेश्वरी बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "ए हमर बोरिंग नोहय."

बाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "काबर नोहय, बेटी?"

"इहाँ लैन नइ लागय. झगरा होथे. मोर दाई के बाल्टी ल फेंक देथें."

हे आमचं बोरिंग नाही, इथे रांग लागत नाही, भांडण होतं, माझ्या आईची बादली फेकून देतात... दीड वर्षात ती पहिल्यांदा बोलली होती. शबाना लगेच म्हणाली, "हाँ मैडम, सच में! मेरी अम्मी का तो हाथ छिल गया था." बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. हेडमास्तर दारातून हातवारे करत होते. बाई तिघांना म्हणाल्या, "ये रखना है कि मिटाना है? तीनों मिलके बताओ." दिनेश म्हणाला, "मत मिटाओ न, साहब आ गए!" शबानाने त्याला विचारलं, "तेरी मम्मी लाइन में लगती है क्या?" त्याने पडद्याकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "मिटा दे." त्या दिवशी माऊस फुलेश्वरीकडे होता.

अधिकारी आत आले तेव्हा पडदा पांढरा होता आणि तीन मुलं त्यासमोर तावातावाने भांडत होती. बाईंनी साहेबांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझं नाव मात्र घेतलं नाही. "कल का काम बच्चों ने ही मिटाया," एवढंच सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी दोन कॉम्प्युटर गाडीत चढवून दुसऱ्या शाळेला नेले. मी बाईंना रागाने म्हणालो, "तुमच्यामुळे गेले, बाई. राहिले असते." त्या म्हणाल्या, "हव, माझ्यामुळंच गेले. मले का वाईट नाही वाटत?" आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा मला प्रथम कळलं की चित्र पुसू देण्याची किंमत त्यांना आधीच ठाऊक होती. उरलेल्या दोन कॉम्प्युटरवर त्यांनी तिघांऐवजी सहा-सहा मुलं बसवली. फुलेश्वरी त्यानंतर कधी गप्प बसली नाही. इतकी की पुढे बाईच म्हणायच्या, "चूप होय की वो थोडी, पोट्टी!"

मी त्यांची माफी कधी मागितली नाही. गेल्या दिवाळीला भेटायला गेलो तेव्हा विषय काढला. त्या म्हणाल्या, "त्या बायकांची रांग तू चांगली काढली होती बरं. एकीचेही पाय विसरला नव्हता." आणि खूप हसल्या. मीही हसलो. तो विषय तिथेच राहिला.

तेराव्याला संदीपने मला आतल्या खोलीत नेलं आणि एक कापडी पिशवी दिली. आत लोकर आणि दोन सुया, सुईवर वीतभर विणलेलं काहीतरी. "आई का ये स्वेटर आज तक पूरा नहीं हुआ, भैया. बुनती थी, उधेड़ती थी. रायपुर में स्वेटर पहनता भी कौन है?" मला ते विणकाम ठाऊक होतं. दोन कॉम्प्युटर उरल्यानंतर बाईंनी ते वर्गात आणायला सुरुवात केली होती. मुलं पडद्यासमोर अडली की त्या मागे उभ्या राहून विणत असायच्या. एकदा मी विचारलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हात रिकामे राह्यले की माऊसकडे जातात रे. तुझेच नाही, माझेही."

आता माझ्या शाळेत चार मुलांना एक टॅब्लेट आहे. मला विणता येत नाही. मी वर्गात नुसती त्यांची लोकर गुंडाळतो, पुन्हा सोडतो. परवा चौथीतली चार मुलं एका चित्रावर अडली होती. त्यातली एक बराच वेळ काही बोलली नव्हती. दिनेशसारखाच एक जण मला म्हणाला, "सर, आप ही बता दो न!" मी म्हणालो, "मेरे हाथ में काम है." त्याने नाइलाजाने मान वळवली आणि त्या मुलीला तिच्या छत्तीसगढीत विचारलं, "तैं बता, का करन?"

मी लोकर गुंडाळत राहिलो. तिला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.