प्रमिलाताईंची माघार

इतकी वर्षं ही गोष्ट मी घरात बोललो नाही, पक्षात तर नाहीच. विषय तिकडे वळला की मी दुसरं काहीतरी काढायचो. माणसाला ती सवय लवकर लागते — लागते ना?

मी आमच्या पक्षाचा तालुका सचिव. बैठका बोलवायच्या, खुर्च्या-सतरंज्यांचं पाहायचं, कोण रुसलंय ते ओळखून त्याची समजूत काढायची — हे माझं काम. नाकाडोंगरीकडच्या गावांमध्ये मात्र पक्ष म्हणजे प्रमिलाताई. पूर्वी आमच्या स्नेहमिलनाला फक्त पुरुष यायचे, भाषणं ठोकायचे, जेवून जायचे. ताईंनी बायका आणल्या. धानाची कापणी आटोपली की गावोगाव फिरून मेळावा भरवत, आणि पहिल्या रांगेत आम्हाला नाही, शेतात रोवणीला जाणाऱ्या बायकांना बसवत.

पंचायत समितीची आमची जागा महिलांसाठी सुटली — खुल्या गटातली. ताई बौद्ध. कायद्यानं काही अडचण नव्हती, आणि कामाकडे पाहिलं तर दुसरं नावच नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं.

उमेदवार ठरवायच्या बैठकीच्या दिवशी त्यांची आई भंडाऱ्याला दवाखान्यात होती. सकाळी ताईंचा फोन आला. "माह्यं नाव तेवढं मांडजा भाऊ. बाकी मंग पक्षाची मर्जी."

मी हो म्हणालो.

बैठकीत जिल्ह्याच्या नेत्यांनी विचारलं, "प्रमिलाताईंचं काय?" खुल्या जागेवर त्या कशाला, हे बऱ्याच जणांच्या मनात होतं — तोंडातून काढायला कुणी तयार नव्हतं. आणि मी — मी म्हणालो, "ताईंचा सकाळीच फोन होता. घरी आजारपण आहे, यंदा उभं राहायचं नाही म्हणाल्या."

सगळ्यांना हायसं वाटलं. मला ते दिसलं. मग कुणीतरी माझ्या वहिनीचं नाव घेतलं. वहिनी कधी एका बैठकीला आल्या नव्हत्या. मी मान खाली घालून बसलो — नको म्हणालो नाही. दादानं मला तसं काही सांगितलंही नव्हतं. मग कुणासाठी केलं मी हे? पद घरात यावं म्हणून. आणि त्या खोलीत कुणाला ओशाळं व्हावं लागू नये म्हणूनही. दोन्ही खरं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर खोटं एकच झालं असतं. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन ताईंना म्हणालो, "मी लई भांडलो. वरूनच नाव कापलं."

"तुमी भांडले ना माह्यासाठी, बस," त्या म्हणाल्या. आणि वहिनीच्या प्रचारात उन्हातान्हात गावोगाव हिंडल्या. वहिनी निवडून आल्या. पहिला गुलाल मला ताईंनीच लावला.

आता तालुकाध्यक्षपदासाठी माझं नाव आलं आहे. सुचवलं कुणी? ताईंनी. परवा त्यांच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. सूप त्यांनी बाजूला ठेवलं.

"मले कायले सांगून राहिले?" त्या म्हणाल्या. "मी तर त्या खोलीत नव्हती. ज्यायच्या समोर बोलले, त्यायले सांगा."

रविवारी तुमसरला बैठक आहे. तेच नेते असतील, बहुतेक तेच लोक. माझं नाव पुकारायच्या आधी मी उठणार आहे. ताईंनी माघार घेतली नव्हती, ती मी रचली — एवढंच, याच शब्दांत. मागे फिरायला जागा राहू नये म्हणून आज सकाळी दादाला सांगून टाकलं. तो ताटावरून उठून गेला. वहिनी दारातच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

बैठकीची सूचना ताईंना पाठवली आहे, सगळ्यांना पाठवतो तशी. त्या येणार की नाही, हे मी विचारलेलं नाही.