पगारी माणसाचा भात

पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि आमच्या घरातून बाजरी गेली. आईनंच ती घालवली. गावी, निघोज्याला असताना भात सणासुदीचा. आता पगारी माणसाच्या घरी तो दोन्ही वेळा, गिरणीत सडून, कोंडा काढून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा. सोबत लोणचं आणि पाण्यासारखी आमटी. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं आई म्हणे, "आमी आता भाकरी खात न्हाई." पुस्तकं वाचून लोकांच्या मोठेपणाला हसणारा मी, पण या मोठेपणाला हसलो नाही. मला तो आवडत होता.

वर्षभरात तळपाय बधिर झाले. मग छाती धडधडू लागली. माझं काम म्हणजे यंत्रावरच्या एका काट्याकडे बघायचं आणि तासातासाला आकडा लिहायचा. काटा जागेवरच असे. तरी आपल्या हातून टाकीभर औषध नासलंय, आता आपल्याला काढणार, असं दिवसभर वाटे. पुढं पुढं ती भीतीही बधिर झाली. असायची, पण शेजारच्या खोलीत कुणी खोकत असावं तशी.

नोकरी कायम व्हायला डॉक्टरांचा दाखला लागे. माझे पाय नीट पडेनात, म्हणून आई सोबत आली. बधिर पाय, धडधड, भीती, सगळं मी डॉक्टरांना सांगितलं.

"जेवणात काय असतं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"समदं असतं," आईच म्हणाली. "दूध, तूप, पालेभाजी."

मीही हो म्हणून मान हलवली.

"मग स्वभावच भित्रा दिसतो. असा माणूस यंत्रावर नको. तसं लिहितो."

त्यांनी टाक उचलला. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहत होतो. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं.

"थांबा सायेब. खोटं बोलले मी. भात खातो आमी. नुसता भात."

"का हो?"

"बाजरी गावाकडं खातात, म्हनून."

डॉक्टरांनी टाक ठेवला. "महिनाभर भाकरी, डाळ, शेंगदाणे खाऊन या. त्यानंच बरं वाटेल असं सांगत नाही. पण बघू."

आईनं महिनाभर दार लावून भाकऱ्या थापल्या. तरी थापण्याचा आवाज बाहेर जायचाच. हळूहळू पायांना जमीन लागू लागली, धडधड कमी झाली. भाकरीनं, की मोठेपणाचं ओझं उतरल्यानं, मला अजून सांगता येत नाही.

दाखला मिळाला त्या दिवशी आईनं आनंदानं भात केला.

मी जेवलो.