पान पडतच नसेल तर

आमच्या आत्याला पत्त्यांचा नाद लागला तो काडीमोड झाल्यावर. ती पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. नवरा एक दिवस गेला, तो परत उगवला फक्त सहीपुरता. त्याचे शर्ट मात्र कपाटात लटकत राहिले. आत्या रोज कपाट उघडायची, बघायची आणि लावून घ्यायची. शेवटी कारखान्यातल्या एका मैत्रिणीने तिला टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांचा जोड आणून दिला. त्या चित्रांनी काय केलं कोण जाणे, पण एका सकाळी तिने सगळे शर्ट फाडून फरशी पुसायची फडकी केली. त्या दिवसापासून तिला चार घास नीट जायला लागले.

"पत्त्यांनी नाही, फरशीने बरी झाली ती," असं माझी आई म्हणायची. आई म्हणजे आत्याची वहिनी. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि जिभेलाही कात्रीइतकीच धार होती.

पुढे मनगट दुखायला लागलं आणि आत्याचं शिवणकाम सुटलं. आईने तिला दुकानामागची टॉवेल वाळवायची खोली दिली. आत्याने तिथे टेबल टाकलं. पत्त्यांच्या जोडीला रूनचे दगड आले: चपटे गुळगुळीत गोटे, प्रत्येकावर कुठल्याशा थंड मुलखातल्या जुन्या लिपीतली एक खूण. कापडी पिशवीत हात घालायचा आणि हाताला येईल तो काढायचा. एक खूण गारपिटीची, एक बर्फाची, एक उजाडण्याची. केसांना रंग लावलेल्या बायका रंग चढेपर्यंत मागे जाऊन बसायच्या. आत्याचं सांगणं फिरून फिरून एकच असे. जे संपलंय ते सोडा, सोडल्याशिवाय नवं येत नाही. कुणी नकोशी नोकरी सोडली, कुणी बहिणीवरचा जुना राग. वाईट कुणाचंच झालं नाही, त्यामुळे आत्याला आपल्या बोलण्याची कधी भीती वाटली नाही.

मग तो सोफेवाला यायला लागला.

दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना तो नवं कापड चढवायचा. ओठांत बारीक खिळे धरून काम करायची सवय, म्हणून बोलणं मुळातच कमी. माणूस अतिशय सभ्य. आत यायच्या आधी पँटला चिकटलेला कापूस दाराबाहेर झटकायचा. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी त्याने ती हलवून पाहिली आणि म्हणाला, "हिचा पाय ढिला आहे, ताई. पुढच्या वेळी करून देतो." आणि खरंच करून दिला.

"काय विचारायचंय?" आत्याने विचारलं.

"एक ओझं आहे. बरीच वर्षं आहे. ते सोडावं का?"

आत्याने पत्ते मांडले. मधोमध मृत्यूचा पत्ता आला, पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा. बायका हा पत्ता बघून दचकायच्या, म्हणून आत्या घाईने समजूत घालायची. त्याला समजुतीची गरज पडली नाही. घरचा फोटो बघावा तसा तो पत्त्याकडे बघत राहिला.

"याचा अर्थ मरण असा नाही हं," आत्या म्हणाली. "एक शेवट होतो आणि तिथून सुरुवात होते."

"आपोआप होते?"

"होतेच."

तो दर आठवड्याला येऊ लागला. दुपारी, दुकान बंद ठेवायच्या वेळात. प्रश्न तोच. ते फार जड झालंय, ताई. ते उचलून उचलून माझी पाठ गेली. ते नसतं तर मी दुसऱ्या गावी गेलो असतो, लग्नही केलं असतं. आत्याला वाटलं, वडलांचं दुकान असणार गळ्यात पडलेलं, नाहीतर एखादं जुनं दुःख. तिने खोदून विचारलं नाही. खोदायचं नसतं, माणूस आपण होऊन सांगतो, असा तिचा नेम होता.

एकदा त्याच्या हाताला गारपिटीचा दगड आला. त्याने तो मुठीत धरला आणि विचारलं, "सोडायची वेळ झाली हे कसं कळतं?"

"झाडाला पानगळ सांगावी लागते का?" आत्या म्हणाली.

"आणि पान पडतच नसेल तर?"

"तर वारा येतो," आत्या बोलून गेली. बोलण्याच्या ओघात, बरं वाटलं म्हणून. मग त्याने दगड पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी अगदी नीट बांधून दिली.

पुढच्या वेळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. चेहरा मोकळा होता. बाहेर आई कुणाचे तरी केस वाळवत होती, तिलाही त्याने हसून ओळख दिली. खुर्चीत बसून त्याने आत्याला विचारलं, मागच्या खोलीला कुठला रंग चांगला दिसेल.

"खोली रिकामी करताय?"

"करावी म्हणतोय. आता फार जड झालेत हो. कूस बदलून द्यायची तरी मला एकट्याला जमत नाही."

आत्याच्या हातात पत्ते होते. पिसता पिसता ती थांबली. इतके दिवस 'झालंय' म्हणणारा माणूस आज 'झालेत' म्हणाला होता.

"कोण जड झालेत?"

"दादा," तो म्हणाला. "माझे थोरले भाऊ. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून पडून आहेत." तिचा चेहरा बघून त्यालाच नवल वाटलं. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. पत्त्यांना माहीत होतं."

"मी माणसाबद्दल बोलत नव्हते," ती म्हणाली. "ऐका. मी वस्तूंबद्दल बोलते, नोकरीबद्दल, रागाबद्दल. माणसाबद्दल नाही."

"वारा येतो म्हणालात," तो शांतपणे म्हणाला. उठला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेला.

आत्या तशीच बाहेर आली. आईला तिने सगळं सांगितलं. आईने कात्री खाली ठेवली.

"पत्ते काय म्हणतात ते मला सांगू नकोस. चप्पल घाल."

समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचे अर्धेच केस कापून झाले होते. त्या बाईला तसंच सोडून दोघी निघाल्या.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेल्या. कापड उतरवलेल्या खुर्च्या नुसत्या सांगाड्यांसारख्या उभ्या होत्या, गोंदाचा उग्र वास भरला होता. सोफेवाला मागच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने त्यांना अडवलं नाही. बाजूला झाला.

आत खाटेवर एक धिप्पाड माणूस पडला होता. चादर स्वच्छ होती, उशाशी पाणी होतं. केस मात्र मानेवर रुळत होते. त्याचे डोळे या दोघींवरून फिरून धाकट्यावर जाऊन थांबले. खाटेच्या पायथ्याशी एक नवी कोरी उशी होती. जाड, घट्ट भरलेली, चारी कडांना सुबक किनार.

आईने ती उचलून छातीशी धरली. "ही कुणाची ऑर्डर?"

"कुणाची नाही," सोफेवाला म्हणाला.

मग खाटेवरून, वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द आले. एकेक, ओढत. "हा... झोपत... नाही."

सोफेवाला एका उघड्या खुर्चीच्या पट्ट्यांवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांत दाबून धरले. रडला नाही. आत्या त्याच्या शेजारी खाली फरशीवर बसली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिच्या साठ्यातलं एकही वाक्य तिला तोंडातून काढवेना.

बाकीचं आईने निस्तरलं. ती संध्याकाळ दोघींपैकी एकीनेही तिथून पाय हलवला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स आली. आईने थोरल्याचे केस धुऊन कापले. खूप खेटे घातल्यावर अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्याला जागा मिळाली. उशी आई घरी घेऊन आली, पण घरात ठेवायलाही धजेना. तिने ती उसवली, कापूस फेकून दिला.

सोफेवाल्याने डॉक्टरला दाखवून झोपेचं रीतसर औषध घेतलं, दुकान चालू ठेवलं. दुसऱ्या गावी गेला नाही, लग्नही केलं नाही. आत्याच्या खोलीत तो परत आला नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा आणि पलीकडच्या बाजूने जायचा. आत्याने दगड कुणाला तरी देऊन टाकले. पत्ते राहिले, पण आता कुणी बसलं की ती आधी विचारायची, घरी कोण कोण असतं.

आणि ती संस्थेत जायची, थोरल्याला भेटायला. त्याची वाचा हळूहळू सुधारत होती. एका दुपारी ती त्याला सफरचंदाच्या बारीक फोडी भरवत होती. तो मध्येच म्हणाला, "धाकटा रात्रीचा दाराशी येऊन उभा राहायचा."

आत्याचा हात थांबला.

"मी जागा असायचो. डोळे मिटून घ्यायचो." त्याने दम घेतला. "म्हटलं, बघणारे डोळे असले की त्याला जड जाईल."

आत्याने हे धाकट्याला कधीच सांगितलं नाही. त्या दिवशी तिने ताटलीतल्या उरलेल्या फोडी त्याला भरवल्या, त्याचं तोंड पुसलं आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.