मधले चार तास

थेल्मा ऑग्डन कुणाचंही बोलणं खोडून काढत नाही. तीस वर्षं ती शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायची. एकदा जेवून गेलेलं पोर पुन्हा रांगेत येऊन ‘मी अजून जेवलोच नाही’ म्हणालं, की ही मुकाट्याने त्याच्या ताटात परत बटाटे घालायची. मोठ्या बाई रागवायच्या. त्यांनाही ही ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिचा नवरा स्टॅन पबमधून येऊन सांगायचा, आज डार्ट्समध्ये मी सगळ्यांना लोळवलं. तो शेवटून पहिला आलाय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचं. थेल्मा म्हणायची, वा, छान झालं. मला अशा माणसांचा संताप येतो. चाळीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे, रोज तिच्या हातचा चहा पिते, तरी येतो.

म्हणून त्या पार्किंगवाल्या कंपनीचं पत्र आलं आणि ही नेहमीसारखी निमूट चेकबुक शोधायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आमच्या बर्नलीत कालव्याकाठी पूर्वी कापडाची गिरणी होती. तिथे आता पत्र्याची मोठमोठी दुकानं आहेत आणि पुढे हे भलंथोरलं पार्किंग. दोन तास फुकट. फाटकावरचा कॅमेरा गाडी आत येताना तिचा नंबर टिपतो आणि बाहेर जाताना टिपतो. पत्रात म्हटलं होतं की थेल्माची लाल गाडी गुरुवारी अकराला आत शिरली ती पाचला बाहेर पडली, सबब शंभर पौंड भरा. दंड हा शब्द त्यांनी हुशारीने टाळला होता. दंड करायला ते काय सरकार लागून गेलेत?

मी थेल्माला म्हटलं, एक पेनीसुद्धा द्यायची नाही. तू बाराला घरी आलीस, चारला औषधं आणायला परत गेलीस. मधल्या वेळचं जाणं आणि येणं त्या कॅमेऱ्याने टिपलंच नाही, आणि दोन फेऱ्यांची एक करून टाकली. केस कापणाऱ्या इव्हॉनचं असंच झालं होतं, तिने भांडून सगळं रद्द करून घेतलं.

“आणि मी साक्षीदार आहे,” मी म्हटलं. “दोन वाजता माझ्या मागच्या खिडकीतून तुला पाहिलंय. अंगणात चादरी वाळत घालत होतीस, निळ्या पट्ट्यांच्या. तोंडात चिमटा धरला होतास.”

थेल्मा माझ्याकडे बघत राहिली. तिने चेकबुक मिटलं.

“असेन मी घरी,” ती म्हणाली. “तू म्हणतेस तर असेन.”

मला तेव्हाच धास्ती वाटली. स्वतः कुठे होतो हे माणसाला दुसऱ्याने सांगावं लागतं म्हणजे काय? तिचा मुलगा रसेल प्रेस्टनला असतो, आणि वर्षभर त्याचं हेच चाललं होतं की आईचं आता वय झालं, तिचं डोकं ठिकाणावर नाही, घर विकू आणि तिला माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात ठेवू. पत्राचं कळल्यावर तो तडक आला. म्हणाला, सहा तास तू गाडीत बसून होतीस आणि तुला आठवत नाही? मी मध्ये पडले. शेवटी तो एवढ्यावर आला की तक्रार करा. कंपनी चुकली असं ठरलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, पण कंपनी बरोबर निघाली तर गाडीची किल्ली माझ्याकडे आणि घराला ‘विकणे आहे’ची पाटी. थेल्मा म्हणाली, बरं.

तेव्हा आता भांडण पैशांचं राहिलंच नव्हतं. ते मधले चार तास थेल्मा घरी होती हे मला सिद्ध करायचं होतं. नाहीतर ज्या घरात ती नवरी म्हणून आली, तिथून तिला उचलून नेणार होते.

खरं सांगते, रसेलचं सगळंच काही खोटं नव्हतं. थेल्मा बदलली होती. दिवसातून तीनदा यायची आणि विचारायची, गॅस बंद आहे ना? जेवलीस ना? मी सांगायचे, जेवले. तासाभराने पुन्हा तेच. बाहेर निघालो की माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवायची. एका पहाटे ती माझ्या स्वयंपाकघरात उभी दिसली, कोट घातलेला, हातात माझ्या घराची किल्ली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, सहज. या सगळ्यातलं मी रसेलला काडीचंही सांगितलं नाही. मैत्रिणीचं झाकायचं नाही तर कुणाचं?

कंपनीला पत्र मीच लिहिलं. थेल्माच्या वतीने नोरा पिल्लिंग, असं खाली नाव घातलं, साक्ष जोडली, उत्तर माझ्या पत्त्यावर मागवलं. तक्रारीत आणखी एक मुद्दा घालावा असं इव्हॉन म्हणाली, की नियमांची पाटी फार उंच आहे, वाचता येत नाही. ते बघायला आम्ही दोघी पार्किंगमध्ये गेलो.

दुपार असूनही धुकं विरलं नव्हतं. दुकानांचे दिवे लागलेले, माणसं मात्र दिसत नव्हती, नुसता कुठूनतरी ढकलगाड्यांचा खडखडाट. थेल्माने माझी बाही धरली होती. मी पाटीकडे निघाले की सैल सोडायची, कालव्याच्या बाजूला वळले की घट्ट. त्या बाजूला काही नव्हतं. रिकामे पांढरे पट्टे होते, एका पट्ट्यात पाणी साचलं होतं. तरी मला तिथे जावंसं वाटत होतं, का ते कळेना, आणि तिच्या हाताला एवढी ताकद कुठून आली तेही कळेना.

धुक्यातून पिवळ्या जाकिटातला रखवालदार आला. गाड्यांचे फोटो काढत हिंडतो तोच. त्याने थेल्माकडे पाहिलंही नाही. माझ्यापुढे वाकून हळू आवाजात विचारलं, “बरं आहे ना आज, आजी? बहीण भेटली का?”

मी काही बोलायच्या आत थेल्मा म्हणाली, “भेटली, भेटली. बरं आहे सगळं.” आणि मला ओढतच गाडीकडे नेलं.

माझी एकच बहीण, ॲग्नेस. तिला जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हटलं, हा माणूस मला दुसरीच कुणीतरी समजला वाटतं. थेल्मा म्हणाली, हो ना. माझ्या गुडघ्यावरची खपली गाडीत बसताना निघाली. ती कधी लागली ते मला आठवेना. थेल्मा म्हणाली, मागच्या पायरीवर घसरली होतीस ना.

कंपनीचा पुरावा आठवड्याने माझ्या दारात पडला. जाड लिफाफा. सगळ्यात वर त्यांचं पत्र, की वाहन पूर्ण वेळ जागेवरच होतं, रखवालदाराने काढलेली छायाचित्रं सोबत जोडली आहेत, आपली साक्ष त्यांच्याशी जुळत नाही. मला हसू आलं. मी चष्मा पुसला आणि फोटो टेबलावर मांडले.

पहिल्यात लाल गाडी, वेळ साडेबारा. दुसऱ्यात, एक वाजता, दार उघडं आणि थेल्मा आडवी बसलेली, पाय बाहेर जमिनीवर. तिसरा दोनचा. त्यात थेल्मा गाडीबाहेर उभी होती आणि तिच्यापुढे, त्या पाणी साचलेल्या पट्ट्यात, एक म्हातारी गुडघ्यांवर बसली होती. अंगात माझा कोट. मान वर केलेली, आ वासलेला. चौथ्यात तीच उभी. पाचव्यात तिचं तोंड अगदी जवळून.

ते तोंड ओरडत नव्हतं. ते काय करत होतं हे मला कळलं, कारण तसं तोंड मी पंधराव्या वर्षापासून केलं आहे. त्या गिरणीत ॲग्नेस आणि मी कामाला होतो. मागांच्या खोलीत शेकडो माग एकदम चालायचे, कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. आम्ही पोरी आवाज न काढता, ओठ ताणून ताणून बोलायचो आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकावरून एकमेकींचं वाचायचो. गिरणी सुटली तरी ती सवय सुटली नाही. स्टॅन बागेत असला की थेल्मा आणि मी कुंपणावरून त्याच्यादेखत त्याच्याच चुगल्या अशाच करायचो. ती कधी गिरणीत नव्हती, पण माझ्याकडून शिकली होती.

म्हणून तो फोटो मला वाचता आला. माझे ओठ म्हणत होते, ॲग्नेस. पुढच्यात, भोंगा. शेवटच्यात थेल्माने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि तिचे ओठ म्हणत होते, येतेय.

मी उठून मागच्या खिडकीशी गेले. तिचं अंगण दिसत होतं, दोरी दिसत होती. डोळे मिटले की त्या चादरी अजून तिथे हलत होत्या, तोंडात चिमटा धरलेली थेल्माही होती. माझं लग्न मला इतकं स्वच्छ आठवत नाही.

फोटो घेऊन मी तिच्याकडे गेले. ती कणीक मळत होती. फोटो पाहून तिने हात धुतले आणि खाली बसली. मी विचारलं तेवढंच सांगितलं. खरेदी झाल्यावर मी गाडीत बसायला तयार नव्हते. पाळी सुटायची वेळ झाली, ॲग्नेस बाहेर येईल, तिला सोडून कशी जाऊ, असं म्हणत होते. हाताला धरलं की ओरबाडत होते. मग थेल्मा थांबली. पाच वाजता मी आपणहून उठले, गाडीत बसले आणि विचारलं, रात्रीला काय करतेस?

“आणि मला काही आठवत नव्हतं?”

“दुसऱ्या दिवशी मी विषय काढून पाहिला. तू म्हणालीस, काल मी दिवसभर घरात होते.”

“मग पत्र आलं तेव्हा सांगायचंस की.”

“तू म्हणालीस मी चादरी वाळत घालत होते,” थेल्मा म्हणाली. “इतकं रंगवून सांगत होतीस. म्हटलं, असेन.”

“निळ्या पट्ट्यांच्या.”

“त्या मी स्टॅन गेला त्याच वर्षी देऊन टाकल्या गं.”

मी तिला वेडी म्हटलं, मूर्ख म्हटलं. तुझं घर जाईल, रसेल तुला उचलून नेईल, हे कळतं का तुला? ती टेबलावर सांडलेलं पीठ हाताने गोळा करत राहिली.

“मला न्यायला रसेल तरी आहे,” ती म्हणाली. “तुझं कोण आहे? ते कुठेतरी टाकतील तुला, नोरा. पत्ताही सांगणार नाहीत.”

त्या रात्री मी ठरवलं की रसेलला आपणच सगळं सांगायचं. तो रविवारी जेवायला येणार होता. फोटो मी ॲप्रनच्या खिशात ठेवले.

थेल्माने मटण भाजलं होतं, बटाटे, गाजरं, सगळं साग्रसंगीत. रसेलने विचारलं, कंपनीचं काही उत्तर? थेल्मा म्हणाली, नाही अजून. मी काटा खाली ठेवला आणि बोलायला लागले. काही लपवलं नाही. तुझी आई ठणठणीत आहे रे, तिने त्या दिवशीचं प्रत्येक मिनिट जाणूनबुजून काढलं, ते माझ्यासाठी. डोकं गेलंय ते माझं. तिची किल्ली तिच्याकडे राहू दे, घर राहू दे. इतकी सरळ मी जन्मात कधी बोलले नसेन.

रसेल माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने आईला विचारलं, “काय म्हणतेय ही?”

थेल्माने माझ्याकडे पाहिलं नाही. “ग्रेव्ही छान झालीय म्हणतेय,” ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. खोटं का बोलतेस म्हणून ओरडले. माझा आवाज मला लख्ख ऐकू येत होता. रसेल मात्र तसाच बघत होता, समोर कुणी काचेपलीकडे असावं तसा. मी खिशातून फोटो काढले आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवले. थेल्माचा हात पुढे आला. मी तिचं मनगट धरून ठेवलं.

त्याने एकेक फोटो पाहिला. शेवटचा पुष्कळ वेळ पाहिला. गाडीची किल्ली खिडकीत पडली होती, तिकडे त्याने बघितलंही नाही. आईच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्याशी काहीतरी पुटपुटला, आणि थेल्मा रडायला लागली. मला वाटलं, सुटली बाई.

मग रसेलने खुर्ची माझ्याजवळ ओढली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, एकेक शब्द सुटा करून त्याने विचारलं, “नोरा आंटी, आज वार कोणता?”

रविवार, मी ओठ ताणून म्हटलं. हा काय प्रश्न झाला?

त्याने कान माझ्या तोंडाजवळ आणला. मग पुन्हा, आधीपेक्षा हळू, त्याने तोच प्रश्न विचारला.